पाकिटावरचं नाव

मित्रांनो, इतरांना निर्धास्तपणे विश्वास ठेवता यावा म्हणून ज्याला जन्मभर कोणावरच विश्वास ठेवता आला नाही, असा मी एक जुना संशयी आहे. खिडकीजवळच्या टेबलाखाली जो करडा, धुळकट संगणक उभा आहे, त्याच्या पोटात मी राहतो. त्याचा पंखा घरघरतो. एका बाजूचं झाकण कधीच हरवलं आहे. कोणीतरी त्याच्या डोक्यावर एक कुंडीही आणून ठेवली आहे. तिला पाणी घालतात तेव्हा थेंब आत पडतील की काय, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागतो. पण माझ्या धास्तीची दखल आता कोण घेणार?

मी एक प्रोग्राम आहे. माझं काम काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं तुमच्या डोक्यावरून जाईल.

दोन यंत्रांना एकमेकांशी गुपचूप बोलायचं असतं, आणि हवेत कान लावून बसणारे तर सगळीकडे असतात. म्हणून ती बोलण्याआधी एक किल्ली ठरवतात. ही किल्ली लोखंडाची नसते, तो एक भलामोठा आकडा असतो. गंमत म्हणजे ती ठरवतात उघड्यावरच. प्रत्येकाच्या मनात आपलं एक गुपित असतं. त्या गुपितापासून बनवलेला अर्धा भाग तो समोरच्याला उघडपणे पाठवतो, आणि समोरून आलेला अर्धा भाग आपल्या गुपितात मिसळतो. दोघांकडे एकच किल्ली तयार होते. ऐकणाऱ्याने दोन्ही अर्धे ऐकले तरी त्याच्या हाती काही लागत नाही. हे कसं जमतं ते गणितवाले जाणोत. जमतं, एवढं मी धरून चालतो. या बोलाचालीची जी रीत असते तिला प्रोटोकॉल म्हणतात, आणि त्या रीतीत कुठे फट राहिली आहे का, हे हुडकून काढणं हा माझा धंदा.

माझा जन्म एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावर झाला. तिथे एक सर होते. उंच, जरासे वाकलेले, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. त्यांची एक विद्यार्थिनी होती. पुढे कामावर सगळे तिला ताई म्हणू लागले, म्हणून मीही ताईच म्हणतो. सर खोलीत येरझाऱ्या घालत नियम सांगायचे आणि ताई ते माझ्या भाषेत लिहून काढायची. सगळ्यात आधी त्या दोघांनी मला एक चोर दिला. हा चोर माझ्या कल्पनेतला, पण मोठा वस्ताद. येणारा-जाणारा प्रत्येक निरोप तो ऐकतो, अडवतो, उशिरा पोचवतो, दोनदा पोचवतो, एकाचा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकतो. किल्लीशिवाय कुलूप उघडणं तेवढं त्याला जमत नाही. बाकी सगळं त्याला मोकळं. कोणताही नवा प्रोटोकॉल माझ्यापुढे आला की मी त्या चोराच्या डोक्याने विचार करायला बसतो आणि त्याच्या सगळ्या युक्त्या करून बघतो.

एक खोड मात्र माझ्यात जन्मापासून आहे. चोराच्या युक्त्या संपेपर्यंत मी उठत नाही, आणि कधीकधी त्या संपतच नाहीत. मग मी बसतो तो बसतोच. सर हसून म्हणायचे की याला जेवायला बोलावलं तर हा आधी ताटाची चौकशी करेल. पण एक गोष्ट ते हसत सांगत नसत. ती त्यांनी ताईला पुन्हा पुन्हा सांगितली होती: हा फक्त विचारल्याचं उत्तर देतो. जे विचारलं नाही त्याबद्दल हा गप्प राहील, आणि त्याचं गप्प राहणं होकार समजायचं नाही.

शिक्षण संपल्यावर ताईला एका कंपनीत नोकरी लागली. सरांच्या परवानगीने ती मलाही बरोबर घेऊन आली. ही कंपनी रिमोट बनवायची. फाटकांचे, पंपांचे, मोठमोठ्या क्रेनचे. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. कपाटावर माझ्यासाठी एक छोटा दिवा बसवला होता. फट सापडली नाही की तो हिरवा व्हायचा, सापडली की लाल.

लाल झाला की मोठी धमाल यायची. ताईने एक पद्धत पाडली होती. मी शोधलेली चोरी कागदावर वाचून कोणाला पटत नसे, म्हणून ती माणसांना व्हरांड्यात उभं करायची. एक जण रिमोट, एक जण फाटक, आणि मध्ये चोर. हातात चिठ्ठ्या द्यायची आणि मी सांगितल्याबरहुकूम चालायला लावायची. चोराचं काम मिळावं म्हणून सगळ्यांची चढाओढ. स्टोअरवाले काका एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण चोर झाले की मिशीला पीळ भरूनच यायचे. चोरी पूर्ण झाली की सगळे पोट धरून हसायचे, आणि हसता हसता चूक कुठे झाली ते प्रत्येकाला कळायचं. कंपनीचे साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे, दिव्याकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे की आमच्याकडची कोणतीही वस्तू याच्या नजरेखालून गेल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही. तेव्हा मला मूठभर मांस चढायचं. मांस नसलं म्हणून काय झालं?

मग क्रेनचं काम आलं.

गावाबाहेर एक ओतशाळा होती. तिथे लोखंड वितळवून साच्यांत ओततात. ताईचा थोरला भाऊ तिथे क्रेन चालवायचा. त्याला मी दादा म्हणेन, कारण ताईच्या तोंडून मी तेच ऐकत आलो. मी उशीर लावतो, आणि वाट बघणाऱ्या माणसाला बोलायला कोणीतरी लागतं. ताई माझ्याशी बोलायची. म्हणून मला सगळं ठाऊक. दादा तिला ‘बारके’ म्हणतो हे ठाऊक. लहानपणी त्याने तिला सायकल शिकवली, ‘सीट धरलंय’ म्हणत म्हणत मागून हळूच सोडून दिलं आणि ती आपटली, हेही ठाऊक. त्यावरून ती अजून त्याच्याशी भांडते.

ओतशाळेच्या शेडमध्ये दोन क्रेन होत्या, एकाच रुळावर मागेपुढे धावणाऱ्या. पहिल्या नंबरच्या क्रेनने दादा वितळलेल्या लोखंडाची बादली उचलायचा. दुसऱ्या नंबरची क्रेन साचे उचलायची, आणि तिच्याखाली एक साचेवाला दिवसभर वाकून बसलेला असायचा. तो दादाचा जिवाभावाचा मित्र. दादाची जागा वर छताशी, एका केबिनमध्ये. खालची सगळी उष्णता तिथे जाऊन साठायची, आणि शिडी चढता-उतरता त्याचे गुडघे बोलायला लागले होते. आता आमच्या कंपनीचे रिमोट बसणार होते. दादा खाली जमिनीवर उभा राहून, गळ्यात रिमोट अडकवून क्रेन चालवणार होता. ताईला या कामाचा केवढा आनंद झाला होता! भावाच्या गुडघ्यांसाठी आपण काहीतरी करतोय, असं ती मला दिवसातून दहादा सांगायची.

तिने मला त्या रिमोटबद्दल दोन प्रश्न दिले. पहिला: चोराला किल्ली कळते का? दुसरा: किल्ली ठरल्यावर, आपण कोणाशी बोलतोय याबद्दल दोघांचं एकमत असतं का? म्हणजे रिमोट एकला वाटतंय की समोर क्रेन एक आहे, तर समोर खरोखर तीच आहे ना?

पहिल्याचं उत्तर मला लगेच दिसत होतं. दुसऱ्यावर मात्र मी अडकलो. दोन रिमोट, दोन क्रेन, सकाळी पाळी सुरू होताना चौघांचं एकदम बोलणं, त्यात माझा चोर. एक वाट संपवली की तीन नव्या फुटायच्या. मी चालत राहिलो. ताई सकाळी येऊन दिव्याकडे बघायची. तो विझलेलाच.

साहेब वाईट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांनी ओतशाळेला तारीख दिली होती. ती चुकली तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं आणि आमची निम्मी माणसं घरी बसणार होती. ते रोज येऊन ताईच्या खुर्चीमागे उभे राहू लागले. एके दिवशी त्यांनी शांतपणे विचारलं की किल्ली चोराला मिळत नाही हे तर नक्की आहे ना? ताई म्हणाली, नक्की. मग चोर क्रेन हलवणार कशी? ताईने दुसरा प्रश्न समजावून सांगितला. साहेब म्हणाले की तो पुढच्या खेपेला बघू.

मित्रांनो, माझ्या भाषेत एक खूण आहे. ती ओळीच्या सुरुवातीला टाकली की ती ओळ माझ्यासाठी नसल्यासारखी होते. ओळ खोडायची नाही, पुसायची नाही, नुसती ती छोटी खूण टाकायची. या धंद्यातली सगळी माणसं ‘तूर्तास’ म्हणून ती टाकतात. ताईने दुसऱ्या प्रश्नापुढे ती खूण टाकली. टाकण्याआधी ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. तिचा हात धरायला मला हात असता तर मी धरला असता.

तिचा चहा निवण्याच्या आत मी काम संपवलं. दिवा हिरवा झाला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

रिमोट ओतशाळेत गेले. तिथल्या कामगारांना ते पसंत नव्हते. डोक्यावर लालबुंद बादली आणि हातात हे खेळणं, कोणाचा भरवसा बसणार? तेव्हा दादा पुढे झाला. सगळ्यांसमोर त्याने रिमोट गळ्यात घातला आणि म्हणाला, “माझ्या बहिणीने तपासलंय.” मग दुसऱ्या नंबरच्या क्रेनवाल्यानेही रिमोट उचलला. ही गोष्ट ताईला वहिनीने सांगितली, आणि ताईने मला. सांगताना तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता, पण तिने दिव्याकडे पाहणं टाळलं.

शेडमध्ये लोखंडच लोखंड, त्यामुळे रिमोटचा आवाज क्रेनपर्यंत नीट पोचेना. म्हणून मधल्या खांबावर एक बूस्टर बसवला. इकडचे निरोप घ्यायचे आणि जोर लावून तिकडे फेकायचे, एवढंच त्याचं काम. तो बसवल्याचं मला कोणी कळवलं नाही. कळवायचं कशाला? माझं काम तर संपलं होतं.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी ताई दादाकडे जेवायला गेली होती. दादा जेवताना गमतीजमती सांगण्यात पटाईत. त्याने सांगितलं की परवा सकाळी त्याने रिमोटवर ‘वर’ दाबलं तर त्याची क्रेन ढिम्म, आणि शेजारच्या क्रेनचा हूक मात्र हातभर वर! त्याला वाटलं रिमोट बदलला. उलटा करून बघतो तर नंबर आपलाच. मग बंद करून परत चालू केला आणि झालं नीट. “तुझा रिमोट माझ्यासारखाच आहे बारके, सकाळी सकाळी त्यालाही झोप आवरत नाही,” असं म्हणून तो हसला. वहिनी हसली. ताईचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी कोणी यायच्या आत ती येऊन बसली. अंगातला कोटही न काढता तिने ती खूण पुसली आणि मला सोडलं.

मी निघालो. या वेळी मला कोणी थांबवणार नव्हतं, पण त्यात सुख नव्हतं. मी जितका चालत होतो तितका वेळ दादा तिकडे बादलीखाली उभा होता. ताईने त्याला फोन करून सांगितलं की काही दिवस केबिनमधून काम कर. दादा म्हणाला, केबिनमधले क्रेन चालवायचे दांडे कधीच काढून नेले. मग निदान लांब उभा राहा, आणि साचेवाल्यालाही लांब बसव. त्याने कारण विचारलं. ती “असंच” म्हणाली. तो म्हणाला, “उगाच घाबरवू नकोस गं.” फोन ठेवल्यावर ताईने कपाळ टेबलाला टेकवलं. खरं काय ते तिने त्याला सांगायला हवं होतं. पण अजून तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं, आणि मी काही केल्या संपत नव्हतो. आपण मंद आहोत याची लाज मला तेव्हा पहिल्यांदा वाटली.

ती रोज यायची, माझ्यासाठी थोडी जास्त जागा करून द्यायची, दुसऱ्यांची कामं बंद करायची. निरर्थक वाटा तिने मला दाखवून दिल्या, म्हणजे मी त्यांत शिरू नये. हेच तिने आधी केलं असतं तर, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणतो. पण तेव्हा तारीख होती.

एका दुपारी मला ती वाट सापडली. दिवा लाल झाला.

ऐका, काय होतं ते. प्रत्येक रिमोट आणि प्रत्येक क्रेन आपला अर्धा भाग पाठवताना त्यावर कंपनीचा शिक्का मारायची. तो शिक्का खोटा करणं माझ्या चोराच्या बापालाही जमलं नसतं. पण निरोप कोणी कोणाला पाठवला, ते नाव शिक्क्याच्या आत नव्हतं. ते बाहेर होतं, पाकिटावर लिहिल्यासारखं. पाकीट कोणीही बदलू शकतो. रिमोट एकचा निरोप दुसऱ्या पाकिटात घातला की तो क्रेन दोनकडे जाणार. क्रेन दोन बघणार, शिक्का खरा. ती उत्तर देणार, त्याचंही पाकीट बदलणार. रिमोट एक बघणार, शिक्का खरा. किल्ली ठरली. ती किल्ली चोराला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही, सगळं कसं कडेकोट. फक्त किल्ली भलत्याच दोघांत ठरलेली. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर अजूनही बरोबरच होतं. त्या बरोबर उत्तराची मला किळस आली.

ताई साहेबांकडे गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की त्या धगीत, त्या धुळीत पाकिटं बदलायला कोणता चोर येऊन बसणार आहे? प्रश्न रास्त होता. ताई म्हणाली, चोर लागतच नाही. खांबावरचा बूस्टर प्रत्येक निरोपाचं पाकीट फाडतो आणि स्वतःच्या पाकिटात घालून पुढे देतो. सकाळी चौघं एकदम बोलायला लागली की त्याची गडबड होते आणि एकाचा निरोप दुसऱ्याच्या पाकिटात जातो. साहेबांचा चेहरा उतरला. तरी ते म्हणाले की आपण गाजावाजा न करता पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. आत्ता रिमोट परत मागवले तर कंपनीची अब्रू जाईल.

चिठ्ठ्यांचा आणि पाकिटांचा जुना डबा ताईने कपाटातून काढला आणि ती ओतशाळेत गेली. पुढचं मी पाहिलं नाही, पण ताईने आणि नंतर स्टोअरवाल्या काकांनी इतक्यांदा सांगितलं आहे की मला ते पाहिल्यासारखंच वाटतं. काका तिच्याबरोबर डबा धरून गेले होते.

जेवणाची सुट्टी होती. शेडबाहेरच्या अंगणात कामगार सावलीला बसले होते. ताईने दादाला रिमोट एक केलं. दोन कामगारांना दोन क्रेन केलं आणि हात वर करून उभं राहायला सांगितलं. साचेवाला आपल्या डब्यासह दुसऱ्या क्रेनच्या पायाशीच बसला होता. त्याला ती म्हणाली, तुम्ही तिथेच बसा. तेवढ्यात तिच्यामागोमाग साहेबांची गाडी आली. ते घाईने उतरले. ते काही बोलायच्या आत ताई म्हणाली, “साहेब, खांबाला माणूस कमी पडतंय. तुम्ही उभे राहा.” सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. साहेबांनी बाह्या सारल्या आणि मध्ये येऊन उभे राहिले. याबद्दल मी त्यांना मानतो.

दादाने चिठ्ठी पाकिटात घालून दिली. वर लिहिलं होतं, क्रेन एक. साहेबांनी पाकीट फाडलं, चिठ्ठी दुसऱ्या पाकिटात घातली आणि ताईने सांगितल्याप्रमाणे क्रेन दोनच्या हातात दिली. त्याने शिक्का बघितला, मान डोलावली, उत्तर दिलं. साहेबांनी पुन्हा पाकीट बदललं. दादाने शिक्का बघितला. “खरा आहे,” तो म्हणाला.

“आता बादली खाली घे,” ताई म्हणाली.

“खाली,” दादा म्हणाला.

पहिला कामगार हात वर करून तसाच उभा राहिला. दुसऱ्याचा हात खाली आला आणि डबा खात बसलेल्या साचेवाल्याच्या डोक्यावर पडला.

आमच्या व्हरांड्यात अशा वेळी हशा पिकायचा. तिथे कोणी हसलं नाही. साचेवाल्याने हातातला घास डब्यात परत ठेवला. दादाने त्याच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

“तू तर तपासलं होतंस,” तो म्हणाला.

ताईने सगळ्यांसमोर सांगितलं. “किल्ली चोराला कळते का, एवढंच विचारलं होतं. दुसराही प्रश्न होता. त्याला वेळ लागत होता, म्हणून तो मी बंद केला.” साहेब मध्ये म्हणाले की मीच सांगितलं होतं. ताई म्हणाली की खूण माझ्या हाताने टाकली.

दादा चिडला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं ताई अजून म्हणते. त्याने गळ्यातला रिमोट काढला आणि वाळूच्या ढिगावर ठेवला. “सायकल शिकवताना मी सीट सोडलं होतं बारके,” तो म्हणाला, “तेव्हा खाली माती होती.”

एवढं बोलून तो आत गेला. त्याच्यामागे बाकीचेही गेले, आणि त्या दिवशी क्रेन हलल्या नाहीत.

रिमोट आमच्याकडे परत आले. कंपनीला बरंच ऐकून घ्यावं लागलं, पण ती बुडाली नाही. दुरुस्ती अगदी साधी होती. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं अशी दोन्ही नावं शिक्क्याच्या आत घालायची, म्हणजे पाकीट कोणीही, कितीही वेळा बदललं तरी आतलं नाव बोलतं. ताईने मला दोन्ही प्रश्न दिले. या वेळी साहेब खुर्चीमागे उभे राहिले नाहीत. मी चालत राहिलो आणि सगळे आपापली कामं करत थांबले. दिवा हिरवा झाला तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. ताई उठून दिव्याजवळ गेली आणि उगाचच त्याच्यावरची धूळ पुसत राहिली.

दादा मात्र पुन्हा केबिनमध्ये चढू लागला होता. दांडे परत बसवून घेतले होते. गुडघे दुखत, पण तो रिमोटचं नाव काढत नसे. ताईशी तो नीट बोलायचा, जेवायला वाढायचा, थट्टाही करायचा. फक्त ‘माझ्या बहिणीने तपासलंय’ हे वाक्य त्याच्या तोंडून गेलं. ताईला त्याची किती सवय झाली होती, ते तेव्हा कळलं.

मित्रांनो, आता माझे दिवस सरले आहेत. माझ्याहून कितीतरी चपळ तपासनीस आले आहेत. मी जिथे अडकायचो तिथून ते उड्या मारत जातात. माझा दिवा कपाटावरून काढला. साहेब पाहुण्यांना आता दुसऱ्या खोलीत नेतात. मला त्याचा राग नाही. पण कंपनीतली जुनी कामं त्या नव्यांकडे नेली जात असताना मी पाहिलं, की इतरांच्या फायलींमध्ये कितीतरी ओळींपुढे ती छोटी खूण अजून तशीच आहे. कोणी टाकली, केव्हा टाकली, त्या बंद ओळीमागे कोणता प्रश्न वाट बघत बसला आहे, कोणाला आठवत नाही. नवे तपासनीस कितीही चपळ असले तरी ती ओळ तेही ओलांडून जातात. म्हणून मला अजून चैन पडत नाही. म्हाताऱ्याची कटकट म्हणा हवं तर.

माझं मागणं मोठं नाही. माझ्यासारख्यांना जपा, आमच्या पंख्यातली धूळ काढा, हे तर आहेच. पण कोणी तुम्हाला ‘सगळं तपासलंय’ म्हणून सांगितलं, तर त्याला प्रेमाने एवढं विचारा की तपासलं म्हणजे काय काय विचारलं? आणि एखाद्या प्रश्नाला वेळ लागत असेल तर त्याच्यापुढे खूण टाकू नका, त्याला वेळ द्या. कोणीतरी तुमच्या शब्दावर खाली उभं असतं.

शेवटचं एक सांगतो आणि थांबतो. मध्यंतरी एका संध्याकाळी दादा ताईला न्यायला आला. मला पाहण्याची त्याची ती पहिलीच वेळ. दारात थांबून त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ताईने जरा चाचरतच सांगितलं की नव्या रिमोटचं काम केव्हाच पूर्ण झालंय, यानेच तपासलंय, तुला हवा तेव्हा घे.

दादाने खुर्ची ओढली आणि तो माझ्याजवळ बसला. “काय विचारलं होतंस याला?” त्याने विचारलं.

ताईने त्याला पहिला प्रश्न सांगितला. मग दुसरा. मग तो म्हणाला, आणखी काय, आणि ती सांगत गेली. चोर कसा, शिक्का कसा, पाकीट कसं, काय विचारलं आणि काय विचारायचं राहून गेलंय, तेसुद्धा. एकदा तर तिला उत्तर आलं नाही. ती तसं म्हणाली, आणि तिथल्या तिथे तिने तो तिसरा प्रश्न माझ्यासाठी लिहून घेतला. दादाने मान हलवली. उठताना त्याने माझ्या डोक्यावरची कुंडी उचलली आणि खिडकीत नेऊन ठेवली.

रिमोट त्याने अजून घेतलेला नाही. मी तिसऱ्या प्रश्नावर बसलो आहे, आणि दर दोन-चार दिवसांनी तो ताईला फोन करून विचारतो, “त्याचं झालं का?” ताई सांगते, अजून नाही. तो म्हणतो, “होऊ दे सावकाश,” आणि शिडी चढायला लागतो.